नोव्हायचं अत्तर-पान

अमेरिकेहून परत येऊन बरेच दिवस झाले, तरी आमच्या सोसायटीतल्या बायका मला अजून सोडत नाहीत. नायगारा नाही पाहिला? न्यूयॉर्कची ती मशालवाली बाई नाही पाहिली? मग एवढ्या लांब गेलात कशाला? आता काय सांगू या बायांना! मी पाहिलं ते असं: लेकीचं घर, नातीचं घर, त्या दोन घरांमधला लांबच लांब रस्ता, आणि नातीच्या दारासमोरची सिमेंटची उतरण. त्या उतरणीवर जरीच्या साडीखाली नुसते मोजे घालून मी उभी राहिले आणि असं काही केलं की माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर मला मुलगी म्हणणं सोडून दिलं असतं. त्याचीच हकिगत लिहिते. नायगारा ज्यांना बघायचाय त्यांनी मोबाइलवर बघावा.

आधी वडिलांचं सांगते. ते एका छोट्या मराठी संस्थानात मेहमानदार होते. संस्थानाचं नाव सांगत नाही, कारण त्या घराण्यातली मंडळी अजून आहेत आणि ती माझ्याइतकीच तापट आहेत. मेहमानदार म्हणजे आलेल्या पाहुण्याची सगळी बडदास्त ठेवणारा माणूस. पाहुण्याला कुठं सामोरं जायचं, कुठं बसवायचं, काय खाऊ घालायचं आणि निरोप कसा द्यायचा, हे सगळं त्याच्याकडे. संस्थान विलीन झालं आणि वडिलांना सरकारी कचेरीत खुर्ची मिळाली, पण घरातला मेहमानदार काही निवृत्त झाला नाही. आमच्याकडे साधा पोस्टमन आला तरी वडील सदरा नीट करून फाटकापर्यंत जायचे. मी संस्थान पाहिलेलं नाही. मी या गोष्टी ऐकत वाढले, इतक्या की आई वैतागून म्हणायची, पुरे करा तुमचा तो दरबार, आमटी निवली.

अ‍ॅशबर्न

माझी लेक मृणाल आणि जावई प्रसाद व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहतात. जाताना मी वडिलांची चांदीची गुलाबदाणी पिशवीत घेतली होती, नातीला द्यायला. तिचा तो लांब मानेचा आकार विमानतळावरच्या मशीनमध्ये काय दिसला देव जाणे, पण मला बाजूला घेतलं. एका धिप्पाड बाईनं ती उलटीसुलटी केली आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, वेलकम. ती म्हणाली, थँक यू मॅम, पण हे काय आहे? मी परत म्हटलं, वेलकम. शेवटी मागच्या रांगेतल्या एका गुजराती काकांनी सोडवलं.

अ‍ॅशबर्न म्हणजे स्वच्छ रस्ते, एकसारखी घरं, आणि अधूनमधून खिडक्याच नसलेल्या अवाढव्य इमारती. आत माणसं नाहीत, नुसते कॉम्प्युटर. प्रसाद म्हणतो, जगाचं इंटरनेट इथे राहतं. संध्याकाळी फिरायला निघालं की समोरून साड्या, पंजाबी ड्रेस आणि त्यावर जाकिटं घातलेल्या आज्या येतात, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच: किती महिन्यांसाठी? मी पहिल्याच दिवशी ओळखलं की या घरात काहीतरी शिजतंय. लेक फ्रीजशी बोलल्यासारखी पुटपुटत होती आणि जावई, जो एरवी नागपूरच्या संत्र्यांपासून क्रिकेटपर्यंत कशावरही तासभर बोलेल, तो ताटाकडे बघून जेवत होता.

दुसऱ्या दिवशी मृणालनं सांगितलं. इराला, म्हणजे माझ्या नातीला, लग्न करायचंय. मुलगा फैज. दोघं मिशिगनमध्ये नोव्हायला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहेत. फैजची आई तो लहान असताना गेली, आजीनं वाढवलं. ही आजी, रौशनआरा बेगम, उत्तरेकडच्या एका छोट्या नवाबाची मुलगी.

"आई, फैज म्हणतो, नानी नाही म्हणाली तर तो लग्न नाही करणार. आणि नानी फक्त एकदाच भेटायला तयार झाली आहे. शनिवारी इराच्या घरी, लंचला. दॅट्स इट."

"म्हणजे एका जेवणावर पोरीचं लग्न?"

"हो."

खरं सांगते, मी लगेच 'अरे वा' म्हटलं नाही. मुसलमान मुलगा, हे शब्द मनात आलेच, आणि आपल्या मनात ते आले याचा रागही आला. मग तोंडातून निघालं ते भलतंच: "तो नवाब कधी आमच्या संस्थानात आला होता का गं?"

मृणालनं कपाळावर हात मारला. तिनं इराला फोनवर विचारलं, इरानं फैजला. उत्तर आलं, नाही, त्यांनी तुमच्या संस्थानाचं नावही ऐकलेलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

रस्ता

अ‍ॅशबर्नहून नोव्हाय म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी पोचायचं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत झाडं लाल, शेंदरी, पिवळी झालेली. आपल्याकडे पान वाळलं की मुकाट गळतं, इथं जाताना पार नटून जातं. मध्येच एक लांबच लांब बोगदा. मग ओहायो आलं आणि डोंगर संपले. मक्याची कापलेली शेतं, लांबवर एखादं धान्याचं कोठार, आणि रस्ता असा सरळ की चालवणारा झोपेल अशी मला भीती. थांब्यावर आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. तिथल्या संडासात मी हललं की पाणी आपोआप सुटायचं. दोनदा दचकले.

प्रसाद बोलत नव्हता. ती शांतता मला सोसेना, म्हणून मी नवाबसाहेबांची गोष्ट काढली.

इंग्रज जायच्या आधीची शेवटची वर्षं. आमच्या महाराजांकडे एक नवाबसाहेब पाहुणे येणार होते. संस्थानिकांवर नजर ठेवायला इंग्रजांचा एक साहेब असायचा, पॉलिटिकल एजंट म्हणायचे त्याला. त्यानं फर्मान काढलं की नवाबांना तोफांची सलामी तुमच्यापेक्षा कमी आहे, तेव्हा महाराजांनी राजवाड्याच्या दारात गालिच्याच्या कडेपर्यंतच यायचं, पुढे एक पाऊल नाही. महाराजांनी मान डोलावली. आणि त्या दिवशी सकाळी ते गाडी घेऊन शिकारीला म्हणून निघाले ते संस्थानाच्या सरहद्दीवर, आणि नेमका तिथंच गाडीचा टायर बसला! नवाबसाहेबांची मोटार आली, तर महाराज रस्त्यात उभे. अरेच्चा, आपण! योगायोगच म्हणायचा! दोघं एकाच मोटारीतून राजवाड्यावर आले. गालिचा तिथंच राहिला, एजंटही तिथंच राहिला.

"टायरमधली हवा तुझ्या आजोबांनी सोडली होती," मी मृणालला म्हटलं. ती हसली. प्रसाद नाही.

मी पुढे चालू ठेवलं. वडिलांनी मिरजेहून खानसामा आणला. नमाजासाठी पश्चिमेची खोली धुऊन घेतली. आणि नवाबसाहेबही तसेच, दुसऱ्या दिवशी वाटेत पालखी आडवी आली तर मोटार थांबवून खाली उतरून उभे राहिले. "आणि मग खरी गंमत झाली ती निरोपाच्या वेळी, अत्तर-पानाच्या..."

"आई," प्रसाद समोर बघत म्हणाला. नागपूरकडचा त्याचा हेल रागात जास्त येतो. "तुम्ही काहून सांगून राहिल्या हे सगळं? तो नवाब पाहुणा म्हणून आला अन् परत गेला. माझी पोरगी परत नाही येणार."

मग मृणाल हळूच म्हणाली, "आई, पुरे आता. प्लीज."

मी गप्प बसले. आणि तिथंच घोटाळा झाला, कारण जी गोष्ट तिला कळायला हवी होती ती माझ्या पोटातच राहिली. तुम्हाला सांगून टाकते. दरबारात अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि विडा हातात दिला, की भेट संपली. कुणी तोंडानं 'आता निघा' म्हणत नसे. पान आलं की पाहुणा उठे. आणि पान कुणी दिलं यावर पाहुण्याची पत ठरे. राजानं स्वतःच्या हातानं दिलं तर मान, कारकुनाच्या हातून आलं तर चारचौघांत अपमान. त्या भेटीत महाराजांना नवाबांशी काही खाजगी बोलायचं होतं, आणि एजंटला ते होऊ द्यायचं नव्हतं. तो सारखा पानाच्या तबकाकडे बघे. वडील अत्तरदाणीचं झाकण उघडत उभे राहिले, आणि ते झाकण काही केल्या उघडेना! एजंट लाल झाला, पण पान येईपर्यंत त्यालाही उठता येईना. राजे बोलून झाले तेव्हा झाकण उघडलं.

नोव्हाय

नोव्हाय दिसायला अ‍ॅशबर्नचंच भावंड, फक्त थंडी जास्त आणि मोटारींवर प्रेम जास्त. इराचं घर छोटं, दुमजली. दारात तिनं भोपळे मांडले होते. मी म्हटलं, हे शिजवायचे का? ती म्हणाली, नो आजी, डेकोरेशन! एवढे चांगले भोपळे नुसते थंडीत कुजवायचे, याला काय म्हणावं.

पोरगी वाळली होती. मला मिठी मारली ती सोडेचना. "आजी, आय अ‍ॅम सो स्केअर्ड. नानीनं मला आतापर्यंत एकदाच पाहिलंय. शी डिडन्ट से अ वर्ड."

"तुझा तो फैज काय म्हणतो?"

"तो म्हणतो, जस्ट बी युअरसेल्फ. दॅट्स नॉट हेल्पफुल!"

खरंच नाही. मी पदर खोचला. मिरजेचा खानसामा काही मिळणार नव्हता, पण इरानं हलालचं मटण आणून ठेवलं होतं. तांबडा रस्सा करायचा ठरला, सोबत मसालेभात, अळूवडी, श्रीखंड. मृणालनं दुकानातून आणलेलं गोड जेलीचं काहीतरी मी इराला वाचायला लावलं. जिलेटिन निघालं. कुठल्या जनावराचं कोण जाणे, ते आमच्यासाठी बाजूला काढलं. वरच्या खोलीत नमाजासाठी स्वच्छ चादर पसरली, तोंड पश्चिमेला. इरानं फोन बघून सांगितलं, "आजी, इथून मक्का ईशान्येला आहे." मी म्हटलं, फोन बिघडलाय तुझा. नव्हता बिघडला. पृथ्वी गोल आहे हे मला शाळेत शिकवलं होतं, पटलं ते नोव्हायला.

इंडियन दुकानातली पानं चांगली निघाली. सकाळी उठून मी विडे केले, लवंग टोचून ओल्या फडक्याखाली तबकात ठेवले आणि तबक फ्रीजमध्ये. गुलाबदाणी घासून भरून ठेवली, अत्तराची डबी शेजारी. सगळं शेवटी लागणार म्हणून मी निर्धास्त, आणि साडी नेसायला वर गेले.

निऱ्या हातात होत्या तेवढ्यात खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. वेळेआधी! मी घाईघाईनं पदर घेतला. चपला काही सापडेनात. जिन्यावर आले तर दार उघडं, आणि दारात माझी लेक, हसऱ्या चेहऱ्यानं, एका उंच म्हातारीच्या मनगटाला अत्तर लावतेय. प्रसाद मागं हात बांधून उभा. इरानं गुलाबदाणी हलवली, चार थेंब उडाले. आणि मग इरानं तबकातला विडा उचलून त्या बाईंच्या हातात ठेवला.

माझे पाय जिन्यावरच खिळले. चूक कुठून आली ते मला तत्क्षणी कळलं. आमच्या मुलींनी दरबार कुठं पाहिलाय? त्यांनी पाहिलंय ते मंगल कार्यालय. लग्नाला गेलं की दारात दोन नटलेल्या पोरी उभ्या, एक अत्तर लावते, एक गुलाबपाणी उडवते, या या, बसा. मृणालला वाटलं, नवाबाच्या मुलीला याहून मानाचं स्वागत कुठलं! फ्रीजमध्ये तबक तयारच दिसलं, वर विडाही दिला.

रौशनआरा बेगम उंबऱ्याबाहेरच होत्या. पांढरी सलवार-कमीज, वर राखाडी स्वेटर, पायात पळायचे बूट, हातात काठी. त्यांनी हातातल्या विड्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मान किंचित झुकवून म्हणाल्या, "बहुत शुक्रिया, बेटी." आणि वळल्या.

"नानी?" फैज गोंधळला. सडपातळ, चष्मा लावलेला मुलगा, हातात मिठाईचा डबा. "व्हेअर आर यू गोइंग?"

"चलो. इजाज़त मिल गई."

त्या उतरणीवरून गाडीकडे निघाल्यासुद्धा. इरा माझ्याकडे बघायला लागली, मृणाल माझ्याकडे, फैज सगळ्यांकडे. कुणालाच कळेना काय झालं. कळलं होतं ते दोघींनाच, आणि त्यातली एक गाडीचं दार उघडत होती.

मी तशीच धावले. मोज्यांवर. सिमेंट इतकं गार की तळव्यांत कळ गेली.

"ऐसे कैसे जाते आप!" माझं हिंदी असं आहे, त्याला इलाज नाही. "खाना खाके जाने का! मेरी लड़की को मालूम नहीं. उसको किसीने सिखाया नहीं. हमारे में शादी में दरवाजे पे अत्तर लगाते, आओ बोलते. जाओ नहीं बोलते!"

त्या थांबल्या. माझ्याकडे वरपासून मोज्यांपर्यंत पाहिलं. "और आपको मालूम है?"

"मेरे पिताजी मेहमानदार थे. मालूम है, इसलिए तो भागते आई."

मेहमानदार म्हटल्यावर त्यांच्या नजरेत काहीतरी बदललं. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात बोलल्या. मी त्याचा मराठीत सारांश देते. त्या लहान होत्या. त्यांचे अब्बा नव्यानं आलेल्या इंग्रज साहेबाच्या कोठीवर भेटीला गेले, नजराणा घेऊन, ठेवणीतली शेरवानी घालून. ही पोर मोटारीत आयाबरोबर बसलेली. अब्बा टेकले न टेकले तोच एका कारकुनानं पुढे होऊन त्यांच्या हातात पान ठेवलं. ते इतक्या लवकर बाहेर आले की ड्रायव्हर अजून बिडी ओढत होता. घरी जाईपर्यंत बोलले नाहीत. नंतर ते कुणाच्याच दारी गेले नाहीत. अगदी सख्ख्या भावाच्यासुद्धा.

"मैं भी आज नहीं आ रही थी," त्या म्हणाल्या. "फैज़ रोया, इसलिए आई."

मी काय म्हणणार, चूक झाली? ते तर म्हणून झालं होतं. "अंदर चलिए," मी कसंबसं म्हटलं.

"पान के बाद कोई लौटता है?"

आता हे खरं होतं. वडिलांनी सांगितलेल्या शंभर गोष्टींत पान घेतलेला पाहुणा परत आत आल्याची एक नव्हती. दारात माझी नात ओढणी तोंडात धरून उभी होती. मला काय झालं कुणास ठाऊक, रागच आला. त्या साहेबाचा, त्या कारकुनाचा, माझा, सगळ्यांचाच. मी उजवा हात पुढे केला.

"तो मेरा पान वापस दो."

दिलेलं पान परत मागायचं! शत्रूच्या वकिलाकडेसुद्धा कुणी मागितलं नसेल. हात पुढे करून मी तशीच उभी. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"यह तो किसी दरबार में नहीं हुआ."

"दरबार बंद हो गया," मी म्हटलं. "मटन गरम है."

मग त्यांनी विडा माझ्या तळहातावर ठेवला आणि काठी टेकत घराकडे वळल्या. मी त्यांच्या बाजूनं चालले, एक पाऊल मागं, वडील चालायचे तशी.

जेवण झालं, पण आमच्यातलं कुणी जेवल्यासारखं जेवलं नाही. रस्सा त्यांनी दोनदा घेतला आणि विचारलं, यात तीळ आहेत का? आहेत म्हटलं. एवढंच. प्रसाद, ज्याला सावजी मटण म्हटलं की मध्यरात्रीही भूक लागते, त्यानं भात आणि श्रीखंड खाल्लं. इरा वाढताना चमचा पाडत होती. फैज एकटाच हवापाण्याबद्दल बोलत होता.

हात धुऊन सगळे बाहेरच्या खोलीत बसले तेव्हा प्रसाद एकदम बोलला. त्याचं हिंदी माझ्यासारखं नाही, स्वच्छ आहे. "एक बात पूछनी है. शादी के बाद मेरी बेटी को नाम बदलना पड़ेगा? मज़हब?"

"बाबा!" इरा ओरडली.

रौशनआरा बेगमनी त्याच्याकडे पाहिलं, आणि इराला म्हणाल्या, "बेटी, पानी." पाणी आलं. त्यांनी ते सावकाश संपवलं. उत्तर नाही. वर जाऊन नमाज पढून आल्या, ईशान्येकडे. परत येऊन बसल्या. चहा झाला. उत्तर नाही. बाहेर उन्हं उतरली, समोरच्या मेपलचा लाल रंग काळपट व्हायला लागला.

मृणाल स्वयंपाकघरात माझ्या कानाशी आली. आता तिला अत्तर-पानाचं सगळं कळलं होतं, आणि लाजेनं तिचा चेहरा एवढासा झाला होता. "आई, त्या थकल्यात. पान आण ना. जाऊ दे त्यांना."

"नाही आणणार."

"आई, प्लीज यार, अजून काही बिघडवू नकोस!"

"मी आणलं की त्या उठतील आणि बोलणं राहील. बसू दे."

मी बाहेर जाऊन समोर बसले. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खोलीत बाकी कुणाला कळत नव्हतं की इथं काय चाललंय. मी चहाचं परत विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल. दुसरा चहा आला. प्रसादचा पाय सारखा हलत होता.

"आप पान नहीं लाएँगी," शेवटी त्या म्हणाल्या.

"डिब्बी का ढक्कन नहीं खुलता," मी म्हटलं.

त्यांच्या ओठांची एक कड हलली. हसू होतं का नव्हतं, मी शपथेवर सांगू शकणार नाही. मग त्या प्रसादकडे वळल्या.

"नाम उसका है. जो नाम आपने रखा, उसे बदलने वाली मैं कौन? मज़हब वह जाने और उसका ख़ुदा." त्यांनी कप बाजूला सारला. "मेरी भी एक बात है. मैं मरूँगी तो फैज़ मेरी क़ब्र पर फ़ातिहा पढ़ेगा. हर साल. तब इस घर में कोई मुँह न बनाए."

प्रसादचा पाय थांबला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलून सगळ्यावर पाणी ओतणार. त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाला, "कोई नहीं बनाएगा. मैं साथ चला जाऊँगा."

मी उठले. फ्रीजमधून तबक काढलं, अत्तर घेतलं, गुलाबदाणी घेतली. आता वेळ झाली होती, आणि हे मी माझ्याच हातानं देणार होते. बाहेर आले तर त्या काठी धरून उभ्याच होत्या. मी तबक पुढे केलं, पार वडिलांसारखी, दोन्ही हातांनी, मान लववून.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तबक हलकेच खाली केलं.

"रहने दीजिए, बहन. इजाज़त मेहमान लेते हैं."

एवढं बोलून त्या दाराबाहेर पडल्या. ना अत्तर, ना गुलाबपाणी, ना पान. मागोमाग प्रसाद अनवाणी बाहेर धावला.

इरा पांढरीफटक पडली होती. भरलेल्या तबकाकडे बघत होती. "आजी, शी डिडन्ट टेक इट. तिनं घेतलंच नाही. इज दॅट अ नो?"

मी तबक तिथंच टेबलावर ठेवलं. "अगं वेडे," मी म्हटलं, "पान पाहुण्याला देतात. पाहुणा निरोप घेतो. घरचं माणूस नुसतं उठून जातं."

फैजला यातलं काही कळलं नाही. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्यासाठी मी माझं सगळं इंग्रजी गोळा केलं.

"शी नो गेस्ट," मी म्हटलं. "शी फॅमिली."

फैज जिन्याच्या पायरीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. इरा त्याच्या शेजारी बसली. बाहेर गाडीत नानी त्याची वाट बघत होती, आणि गाडीचं दार धरून प्रसाद त्या थंडीत उभा होता.